मामी बोलायला लागली

मामी बोलायला लागली, ही बातमी घरात पहिल्यांदा मी सांगितली आणि आईने ती साफ खोटी ठरवली. "तुला ऊन लागलंय," ती फोनवर म्हणाली. "पाणी पी आणि सावलीत बस." आईचं तरी काय चुकलं? धाकट्या भावाचं लग्न झालं तेव्हापासून ती आपल्या भावजयीला मौनीबाई म्हणत आली होती, तेही तोंडावर, आणि मौनीबाईने त्यालाही कधी उत्तर दिलं नव्हतं.

मामी बोलत नसे त्याला कारण होतं. ती जाड कापड शिवायची. ट्रकवरच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची कापडी छतं, मोटारींच्या सीटची कव्हरं. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचा गाळा होता. आत जाताना वाकावं लागायचं. कापडाच्या गुंडाळ्यांमध्ये ती जमिनीवर बसलेली असायची, एक पाय कापडावर दाबून, हातात दाभण, दातात मेण लावलेला दोरा. दातात दोरा असलेलं माणूस बोलणार काय? "हूं" म्हणजे हो, "अंहं" म्हणजे नाही, आणि भुवई वर गेली म्हणजे तुम्ही मूर्ख आहात. गिऱ्हाइकांना तेवढं पुरायचं. पुढे पुढे दोरा नसला तरी तीच सवय राहिली.

मामा अगदी उलटा. तो खाडीवरची लाँच चालवायचा. या काठावरून त्या काठावर, त्या काठावरून या काठावर, आणि मधल्या वेळात तोंडाचा पट्टा चालू. "आत सरका, आजीबाईंना जागा द्या, सायकल आडवी धरू नका, अहो टोपीवाले, तुमची कोंबडी सुटली!" खाडी जिथे समुद्राला मिळते ते तोंड त्याला जाताना डाव्या हाताला दिसायचं आणि येताना उजव्या हाताला, आणि दर खेपेला त्याला वाटायचं, आज वळवावी का? लोकांना कामावर जायचं असतं म्हणून वळवली नाही, असं तो सांगायचा. नोकरी संपली आणि त्याने एक जुनी शिडाची बोट घेतली.

बोट म्हणजे तरी काय, चहाच्या टपरीला डोलकाठी लावली तर दिसेल तशी. आत झोपायला दोन फळ्या, एक स्टोव्ह, पाण्याचे कॅन, मागे अडीनडीला एक छोटं इंजिन, आणि उभं राहिलं की डोक्याला लागेल असं छत. मामाने मामीला ती दाखवायला नेली. आईच्या मते कुठल्याही शहाण्या बाईने तिथेच कपाळाला हात लावला असता. मामीने शिडाचं टोक हातात घेतलं, उजेडात धरलं, उसवलेली शिवण नखाने ओढून बघितली आणि म्हणाली, "शीड मी शिवते." बस्स. गाळ्याला कुलूप लागलं.

तेव्हापासून दोघं किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडत होती. सकाळी वारा बघून निघायचं, ऊन कलायच्या आत एखाद्या आडोशाला नांगर टाकायचा, भात आणि मासे रांधायचे, दुसऱ्या दिवशी पुढे. एखादं गाव आवडलं तर तिथेच तळ ठोकायचा. मामी वाटेतल्या मच्छीमारांची फाटकी छतं शिवून द्यायची, ते ताजे मासे द्यायचे. दोघांना कसली म्हणून ददात नव्हती. आणि मग मामाच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. दिवसभर लोकांना "बसा, नंबर आल्यावर बोलावते" असं सांगून माझी जीभ तिखट झाली आहे, हे मला मान्य आहे. काचबिंदू कसा असतो ते मात्र मी रोज बघते. आधी कडेचं दिसणं जातं. समोरचं दिसत राहतं, म्हणून माणूस म्हणतो मला काय धाड भरली आहे. गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं सांभाळायचं, एवढंच हातात. मामा फोनवर सांगायचा, "थेंब घालतोय, झकास दिसतंय." आईला ते पटत नव्हतं. तिचे गुडघे पार गेलेले, खुर्चीतून उठायचं तर शेजारीण यावी लागते, नाहीतर ती स्वतःच जाऊन भावाचा कान धरून त्याला घेऊन आली असती.

"तू जा," ती मला म्हणाली. "तुला डोळ्यांतलं कळतं."

"आई, मी नंबर लावते. डोळे तपासत नाही."

"तेच ते. दोघांना घेऊन ये. ती बोट विकून टाका म्हणावं. आंधळा माणूस समुद्रात! उद्या काही झालं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील." मग तिचा आवाज उतरला. "मी त्याला कडेवर घेऊन वाढवलाय गं. तो बुडाला तर मी काय करू?"

मी रजा टाकली. दोघांना घेऊनच परतायचं, असं मी निघतानाच ठरवलं होतं.

बस थांबली तिथून धक्का दिसत होता. मामा बोटीवर उभा होता. त्याने दोन्ही हात वर करून माझं जोरात स्वागत केलं, फक्त ते माझ्या पुढे चाललेल्या एका अनोळखी बाईचं झालं. ती बिचारी गोंधळून थांबली. तेवढ्यात मामीचा आवाज आला, "अहो, ती निळ्या पिशवीवाली. अजून डावीकडे. कपाळावर आठ्या आहेत बघा, तीच." मी जागीच थांबले. माझ्या उभ्या आयुष्यात मामीने एका दमात एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

आणि ती थांबेच ना. मला घेऊन बोट धक्क्यापासून सुटली, शीड भरलं, आणि मामी पुढच्या टोकाला मांडी घालून बसून सुरू झाली. "डावीकडे तीन होड्या. मधल्या होडीतला माणूस उभा राहून आळस देतोय. अजून देतोय. पुढे पाणी हिरवं आहे, त्याच्या पलीकडे एकदम निळं. उजवीकडे खडक, बराच लांब आहे, वर पांढरे पक्षी बसलेत, काम ना धाम. एक तरंगता बोया आलाय, लाल, आपल्या उजव्या अंगाने जाईल. त्याच्यावर पण एक पक्षी आहे. हा जरा गरीब दिसतोय." मामा मागे सुकाणू धरून बसला होता, तोंडावर ऊन घेत, सुखात. मधूनच "हं" म्हणायचा. आयुष्यभर मामीने जेवढं बोलायचं वाचवलं होतं ते सगळं आता एकदम काढायला घेतलं होतं की काय कोण जाणे. माझं पोट लाटांबरोबर वरखाली होत होतं आणि कानाशी ही अखंड टकळी. मी चिडले. फोनवर आईला ती बातमी सांगितली ती याच वेळी.

दुसऱ्या दिवशी माझं पोट जरा जागेवर आलं आणि मग मला दिसायला लागलं. मामी स्टोव्हपाशी खाली गेली की मामा बोटीचं नाक वाऱ्यात घालायचा, शीड फडफडत सोडून द्यायचा आणि बोट जागच्या जागी डुलत ठेवायचा. "चहा होईपर्यंत थांबू," तो म्हणायचा. "घाई कुणाला आहे?" मामी वर आली, पुढे जाऊन बसली, "समोर मोकळं आहे, लांब एक मोठं जहाज, ते त्याच्या वाटेने जातंय" असं म्हणाली की त्याला एकाएकी घाई व्हायची. भांडी घासायला गेली की पुन्हा थांबायचा. चहाचा कप ठेवताना ती म्हणायची, "उजव्या गुडघ्यापाशी, कान तुमच्याकडे." त्याचा हात सरळ कपाच्या कानावर जायचा. मी दवाखान्यातली बाई. मला आणखी सांगायला नको होतं. मामाला कडेचं काहीच दिसत नव्हतं, आणि ही बडबड म्हणजे त्याचे डोळे होते.

मी मामीला भांडी घासताना गाठलं. आम्ही दोघी बोटीच्या कडेला वाकून ताटल्या विसळत होतो.

"मामी, त्याला दिसत नाही."

"हळू बोल."

"म्हणजे त्याला माहीत नाही की तुला माहीत आहे?"

"त्यांना वाटतं, मी म्हातारपणी बडबडी झाले." तिने ताटली पुसली. "वाटू दे. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. चाललंय."

"चाललंय? अगं, हा काय खेळ आहे? मी तुम्हाला न्यायला आले आहे. आईने बजावून पाठवलंय, बोट विका म्हणून."

मामी बराच वेळ गप्प राहिली. ते तिचं जुनं गप्प राहणं होतं, मला ओळखीचं. मग म्हणाली, "घरी मी काय बोलू गं?"

"म्हणजे?"

"घरी ते खुर्चीत बसणार. समोर भिंत. भिंतीत खिडकी. खिडकीतून समोरच्यांची पाण्याची टाकी. रोज काय सांगू त्यांना, टाकी आहे? आजही टाकी आहे?" ती हसली, पण डोळे भरले होते. "तू माझा गाळा बघितला आहेस ना? सगळा जन्म मी हाताच्या अंतरापलीकडे काही बघितलं नव्हतं. त्यांनी मला इथे आणलं. सकाळी डोळे उघडले की एवढं सगळं समोर, फुकट. मला इतकं बरं वाटतं की ते पोटात मावत नाही. आभार कुणाचे मानायचे कळत नाही, म्हणून त्यांनाच सांगत बसते. डोळ्यांचं नंतर झालं. बोलायला मी आधीच लागले होते."

माझी तिखट जीभ कुठे गेली होती देव जाणे. मन वितळलं म्हणून काही धोका कमी होत नाही, हेही मला कळत होतं. ज्याला दिसत नाही असा माणूस सुकाणू धरून बसला होता, आणि त्याची बायको गप्प बसली तर काय, हा प्रश्न मी तिला विचारला नाही. विचारायला हवा होता, कारण या दोघांच्या संसारात अबोला नावाचं एक प्रकरण होतं.

मामीचा अबोला आमच्या घरात प्रसिद्ध होता. जी बाई एरवीच बोलत नाही तिने अबोला धरलाय हे ओळखायचं कसं? मामाला आधी आधी कळायचंच नाही, आणि त्यामुळे तो आणखी लांबायचा. मग त्याला खूण सापडली. मामी रुसली की चहा द्यायची, पण कपाचा कान पलीकडच्या बाजूला करून. धरायला गेलं की बोटं भाजतात. "कान फिरलाय," मामा आईला येऊन सांगायचा आणि आई म्हणायची, "तुझाच फिरवायला हवा."

ठरलं होतं असं, की पुढच्या मोठ्या खाडीत आत शिरायचं, तिथल्या गावात पाणी भरायचं आणि मला बसमध्ये बसवायचं. एकटीला की तिघांना, ते मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी उजेड असतानाच आईचा फोन आला. मामाने तो मोठ्या आवाजावर ठेवला. आईने आडपडदा न ठेवता विचारलं, "तुला दिसतं की नाही ते सांग. खरं सांग."

"स्वच्छ दिसतं, ताई."

"ही पोरगी म्हणते, तुझी बायको दिवसभर बोलते. का बोलते ती?"

मी मामाकडे बघितलं. मामीनेही बघितलं. ती शिडाची एक फाटकी पट्टी मांडीवर घेऊन बसली होती. मामाचा चेहरा जरा आवळला. मग त्याचा लाँचवरचा जुना मोठा आवाज निघाला. "अगं, काही नाही. वय झालं तिचं. कान किटले माझे. मी ऐकतही नाही, नुसतं हं हं करतो. मी माझ्या डोळ्यांनी बोट चालवतो, ताई. हिच्या बडबडीवर नाही."

मामीने पट्टीची शिवण पुरी केली, दोरा तोडला आणि खाली निघून गेली. मामाला ते दिसलं नाही. मला दिसलं. मी त्याला म्हणालेसुद्धा, "मामा, असं काय बोललास?" तर म्हणाला, "तुझ्या आईला काळजी नको म्हणून गं. हिला कळतं सगळं." बायकोला सगळं कळतं या भरवशावर पुरुष काय काय बोलून जातात.

सकाळी मामाने चहाला हात घातला आणि बोटं झटकली. कान फिरलेला होता. तो काही बोलला नाही. मामीही नाही. नांगर वर आला, शीड चढलं, वारा मागून होता आणि बोट खाडीच्या तोंडाकडे चांगली पळायला लागली. मामी पुढे जाऊन नेहमीच्या जागी बसली आणि उरलेली पट्टी शिवायला घेतली. दाभण हातात, दोरा दातात. समुद्रावर मी पहिल्यांदाच शांतता ऐकत होते. लाटा पुन्हा पोटात शिरल्या होत्या, म्हणून डोळे मिटून, डोकं खाली घालून मी पडले होते. मामा एकदा म्हणाला, "समोर मोकळं आहे ना?" कुणालाच नव्हे, असं. कुणीच उत्तर दिलं नाही. मग मला बोटीच्या पोटातून खरवडल्यासारखा आवाज आला, पातेल्याला लागलेला भात उलथण्याने काढावा तसा, आणि आम्ही सगळे पुढे फेकले गेलो.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक पट्टा होता. पाण्याखाली, पण इतका वर की पाणी त्याच्यावर फिकट पिवळं दिसत होतं. आता मलाही दिसत होतं. बोट त्यावर जाऊन बसली होती. मामाने शीड उतरवलं, इंजिन उलटं घातलं, बोट सुटावी म्हणून मी आणि मामी एका कडेला जाऊन बसलो, पण ओहोटी लागली होती. पाणी उतरत गेलं, बोट हळूहळू कलली आणि शेवटी ओल्या वाळूत कुशीवर आडवी झाली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आत सगळी भांडी एका बाजूला घरंगळून गेली. आता भरती येऊन उचलेपर्यंत तिथेच.

शिंपल्या वेचणाऱ्या बायका टोपल्या घेऊन आमच्या भोवतीने चालत जायला लागल्या. त्यांतल्या एकीने थांबून विचारलं, "ओ मावशी, घर बांधताय का इथे?" एरवी मामाने तिला असं उत्तर दिलं असतं की अख्खा घोळका हसला असता. तो मान खाली घालून बसून होता.

"तुला दिसला होता पट्टा," तो म्हणाला. त्याला मामीकडे बघायचं होतं, पण ती नेमकी कुठे आहे ते त्याला कळत नव्हतं.

"दिसला होता," मामी कडेवरून म्हणाली.

"मग बोलली नाहीस?"

"रागाने नाही हो." ती म्हणाली. "म्हणजे आधी राग होता. पण पट्टा दिसला तेव्हा मी दातातला दोरा काढला होता, बोलणार होते. मग मनात आलं, काल म्हणाले ना, स्वच्छ दिसतं. इतकं ठासून म्हणालात. मला वाटलं, खरंच असेल. थेंबांनी बरं वाटत असेल. आता वळवतील, आता वळवतील, म्हणून मी तुमच्याकडे बघत बसले. क्षणभर इतका आनंद झाला मला." आणि ती रडायला लागली. मी तिला रडताना कधीच बघितलं नव्हतं. 

मामा वाकड्या फळीवरून चाचपडत तिच्याकडे सरकला. हात आधी तिच्या खांद्याला लागला, मग डोक्याला.

"मला नाही दिसलं," तो म्हणाला. "तू गप्प झालीस आणि समुद्रच गेला बघ. नुसता पांढरा उजेड. मी खोटं बोललो ताईशी. आंधळ्याला बायको हाकते म्हणतील, याची लाज वाटली."

मामी रडतच होती.

"मी ऐकत नाही म्हणालो ना? ऐक आता. मधल्या होडीतला माणूस आळस देत होता. अजून देत होता. खडकावरचे पक्षी, काम ना धाम. बोयावरचा एक गरीब. त्याच्या आधीच्या गावात पिवळं घर, गच्चीवर लाल चादर, चादरीवर मांजर, मांजराला शेपूट नाही. त्याच्या आधी ती अरुंद खाडी, पाण्यात उतरलेली झाडं, दोन बगळे एका माशावरून भांडले आणि मासा पळाला. त्याच्या आधी..." तो सांगत गेला. मी कधी न बघितलेले किती किनारे, किती धक्के, किती माणसं, तिच्याच शब्दांत, एकामागोमाग एक, उलटे. मामी रडायची थांबली आणि ऐकायला लागली. एका ठिकाणी तिने त्याची चूक काढली, म्हणाली, "दोन नाही, तीन बगळे. तिसरा नुसता बघत होता." तो म्हणाला, "बरं, तीन." मी तोंड फिरवून शिंपल्यावाल्यांकडे बघत बसले, कारण माझाही चेहरा बघण्यासारखा राहिला नव्हता.

मग मामीने चहा केला. कसा केला ते विचारू नका, स्टोव्ह तिने दोन हातांनी सरळ धरला होता आणि पातेलं मी. कप ठेवायला सपाट जागा नव्हती. तिने तो हातात धरून मामापुढे केला, कान त्याच्याकडे.

आईचा फोन आला तेव्हा पाणी परत यायला लागलं होतं. "कितीची बस पकडताय?" तिने विचारलं. मी काही बोलायच्या आत मामा म्हणाला, "दे इकडे. मोठ्या आवाजावर ठेव."

"ताई, आम्ही वाळूवर बसलोय."

"वाळूवर? आणि डबा खाताय का?"

"बोट बसली आहे, ताई. मला दिसत नाही. कडेचं काहीच नाही. समोरचं तेवढं, दाराच्या फटीतून बघावं तसं. काल तुझ्याशी खोटं बोललो."

"मग इतके दिवस बोट चालवतंय कोण?"

"ही सांगते, मी वळवतो. आज ही बोलली नाही तर असं झालं."

"ही म्हणजे? मौनीबाई?" आईचा आवाज चढला. "तिला फोन दे."

मामीने फोन दोन्ही हातांत धरला, ती दाभण धरते तसा घट्ट. "वन्सं."

"काय दिसतंय गं तुला आत्ता? सांग."

ही परीक्षा होती. आई अशीच घेते. मामीने एकदा मामाकडे बघितलं. "आत्ता आमची बोट कुशीवर पडली आहे, वन्सं, दुपारी तुम्ही पडता तशी. भोवती वाळू आहे, ओली, चकचकीत. वाळूत बारीक बारीक भोकं आहेत आणि प्रत्येक भोकातून एकेक खेकडा डोकावतोय. आम्ही हललो की सगळे एकदम आत. शिंपल्या वेचणाऱ्या बायका परत निघाल्यात, एकीची टोपली गळते आहे, तिच्या मागे पाण्याची रेघ चालली आहे. लांब पाणी आहे. ते येतंय. आधी जीभ काढतं, मग मागे जातं, मग जरा पुढे."

मला वाटलं फोन तुटला.

"पुढे?" आई म्हणाली.

मामी सांगत राहिली. आई मध्ये मध्ये "हं" म्हणत होती, अगदी मामाच्याच चालीत. भाऊबहीण ती. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "मला वाटायचं, तुला दोन वाक्यं जोडता येत नाहीत."

"गाळ्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, वन्सं."

"मग आता घरी या दोघं. इथे बसून सांग."

मामाने मान खाली घातली. मामी म्हणाली, "नाही."

आईला या आयुष्यात मामीकडून "अंहं" मिळालं होतं, "नाही" पहिल्यांदाच. "सुकाणू आता मी धरेन," मामी म्हणाली. "शिडाचे दोर ते बघतील, त्याला डोळे लागत नाहीत, वारा त्यांना गालाला कळतो. वारा जास्त असेल त्या दिवशी निघणार नाही. आणि जे दिसेल ते मी त्यांना सांगेन. तुम्हालाही सांगेन, रोज. पण यांनी मला एवढं सगळं दाखवलं आणि आता यांना मी त्या टाकीसमोर नेऊन बसवू? माझ्याच्याने व्हायचं नाही, वन्सं. हात जोडते."

मी फोनकडे वाकून म्हणाले, "आई, मी एकटीच येतेय." मला रागे भरली तर भरू दे, असं ठरवून म्हणाले.

आईने मोठा उसासा सोडला. ती भांडणाची तयारी करते तेव्हाही असाच सोडते, म्हणून आम्ही तिघं वाकड्या बोटीत आणखी वाकडे होऊन बसलो.

"पाणी कुठवर आलं?" आई म्हणाली.

मामा लहान मुलासारखा हसला. मामीने डोळे पुसले आणि फोन तोंडाजवळ घेतला. "सुकाणूपर्यंत आलं, वन्सं. आता बोटीखाली शिरतंय. आवाज ऐकू येतोय का तुम्हाला? खेकडे गेले सगळे. आता एक लाट आली, जरा हललो. अजून नाही. दुसरी आली. एका बाजूने उचलते आहे. भांडी आत परत दुसरीकडे घरंगळली, ती ऐकलीत ना? अजून एक येतेय, मोठी आहे, धरा, धरा! उठली! वन्सं, बोट उठली!"

बोट खरंच सरळ झाली होती. मामा डोलकाठीला धरून उभा होता आणि तोंड वर करून रडत होता की हसत होता ते मला सांगता येणार नाही. मी कुणाचे कुणाचे आभार मानत होते ते मलाच माहीत नाही. त्यात त्या वाळूच्या पट्ट्याचेसुद्धा होते.

फोनमधून धापा टाकल्याचा आवाज आला.

"ताई?" मामा घाबरून म्हणाला. "काय झालं?"

"काही नाही रे. मी पण उठले." आईचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता. "खुर्चीतून उभी राहिले कधी ते कळलंच नाही. आता शेजारीण येईपर्यंत बसता यायचं नाही मला."

"टेबलाला धर, ताई! गुडघे!"

"धरलंय. तू गप्प बस आणि दोर ओढ. तिला बोलू दे." मग जरा थांबून, मी लहानपणापासून ऐकलेल्या सगळ्या आवाजांपेक्षा मऊ आवाजात ती म्हणाली, "सांग गं बाई. पुढे काय दिसतंय?"

मामीने फोन माझ्या हातात दिला, नीट धर म्हणून बजावलं, सुकाणू काखेत घेतलं, घसा साफ केला आणि सांगायला लागली.